जगाची हजेरी : विश्व-इतिहास शिकवायला लागलेल्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीवर माझे अकरा तास गेले. बॅस्टिल पडली, राजाचं मुंडकं उडालं, रोबेस्पिएरचंही उडालं, नेपोलियन मॉस्कोहून हात हलवत परतला, आणि खिडकीबाहेर बघतो तर कापसाची शेवटची वेचणी चाललेली. सराव परीक्षा आठवड्यावर. मग आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका मी एकाच तासात उरकली. त्यातलीही पंधरा मिनिटं स्नेहसंमेलनाच्या सूचनेने खाल्ली. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, ते बोलिव्हिया कोठे शे?" मी नकाशाकडे वळलो आणि शोधायला लागलो. बोट पेरूवरून ब्राझीलवर गेलं, परत आलं. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने जागा दाखवली.

त्या दिवसापासून दरवर्षी थोडं थोडं दुरुस्त करत आलो. तुम्ही नुकते रुजू झाला असाल, मग ते ज्युनिअर कॉलेजात असो, बी.ए.च्या वर्गावर असो की धुळ्या-जळगावच्या एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये, तर हे तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सगळ्या खंडांना सारखे तास द्या, असं मी सांगणार नाही. ते जमत नाही, आणि ओढूनताणून जमवलं तर प्रत्येक खंड तोंडी लावण्यापुरताच उरतो. माझी कसोटी एवढीच: कुठलाही प्रदेश वर्गात पहिल्यांदा येतो तो युरोपियनांचं जहाज त्याच्या किनाऱ्याला लागल्यावर येता कामा नये. त्याआधी तिथे माणसं राहत होती, भांडत होती, हिशोब ठेवत होती, हे मुलांच्या कानावर आधी पडलं पाहिजे.

१. आधी हजेरी घ्या

जूनमधला एक रविवार काढा. पाठ्यपुस्तक किंवा अभ्यासक्रम घ्या आणि एक जुना हजेरीपट. मुलांच्या नावांच्या जागी प्रदेश लिहा: पश्चिम युरोप, पूर्व युरोप आणि रशिया, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका, सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका, मध्य आशिया, पूर्व आशिया, आग्नेय आशिया, उत्तर अमेरिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटं. भारत यात घालू नका, त्याची सोय इतरत्र भरपूर झालेली असते. आता पान उलटत जा आणि ज्या प्रदेशाचा उल्लेख दोन ओळींहून जास्त असेल त्याची हजेरी मांडा.

निकाल काय येईल ते बहुतेक तुम्हाला आधीच माहीत आहे. पण खरी गंमत दुसऱ्या फेरीत असते. लाल पेन घ्या आणि प्रत्येक हजेरीपुढे लिहा: कर्ता की कर्म? मराठी व्याकरण इथे फार कामाला येतं. "आफ्रिकेची वाटणी करण्यात आली." "चीनवर अफू लादण्यात आली." "अमेरिकेचा शोध लागला." कर्मणी प्रयोगांची नुसती रांग लागते. युरोप जातो, शोधतो, जिंकतो, लिहितो. बाकीच्यांचं काहीतरी होत राहतं.

याची पहिली दुरुस्ती फुकटात होते. एकही तास वाढवावा लागत नाही, वाक्य बदलावं लागतं. बर्लिनच्या परिषदेला (१८८४-८५) चौदा देश जमले आणि त्यात आफ्रिकेतला एकही नव्हता, हे सांगाच. पण त्याच दमात हेही सांगा की १ मार्च १८९६ रोजी इथिओपियाच्या दुसऱ्या मेनेलिकच्या फौजेने अडवा इथे इटलीला असं हरवलं की इटलीला इथिओपियाचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. अफूयुद्ध शिकवताना तोफांच्या आधी लिन झेशू आणा. १८३९ मध्ये या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या अफू जप्त केली आणि हुमनच्या किनाऱ्यावर चुना-मीठ घालून नष्ट करवली. वाक्याचा कर्ता बदलला की मुलांचे प्रश्नही बदलतात. "मग ते हरले कसे?" असं विचारायला लागतात, आणि तिथून धडा आपोआप खोल जातो.

२. भिंतीवरच्या नकाशाचं ऐकू नका

बऱ्याच शाळांतला नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. ही पद्धत १५६९ ची, दर्यावर्दींच्या सोयीची: दिशा नीट कळते, पण ध्रुवांकडचा मुलूख फुगतो. त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख. म्हणजे चौदा पट. आपला भारतच ग्रीनलंडपेक्षा दीडपट आहे, हे ऐकून वर्गात हमखास कुजबुज होते.

पृथ्वीगोल नसेल तर हवा भरायचा प्लास्टिकचा चेंडू-गोल मिळतो, तो घ्या. दोरा घेऊन मुलांनाच अंतरं मोजू द्या. मी पहिल्या आठवड्यात एक मोसंबं सोलून त्याची साल बाकावर सपाट करायला सांगतो. साल फाटते. नकाशा का खोटं बोलतो यावर पुढे व्याख्यान द्यावं लागत नाही. (मोसंबी बाकावर सांडते, त्याची तयारी ठेवा.)

नावांचंही तेच. भुसावळच्या फलाटावर उभं राहून "मध्यपूर्व" कुठे आहे ते दाखवा म्हटलं तर हात पश्चिमेकडेच जाईल. ही पूर्व लंडनच्या खिडकीतून दिसणारी. मी "पश्चिम आशिया" म्हणतो आणि मुलांनाही लावतो, मात्र परीक्षेत "मध्यपूर्व" आलं तर तोच हा भाग, हेही सांगून ठेवतो.

३. एका वर्षाची चकती कापा

प्रबोधन, मग शोध, मग क्रांती, मग औद्योगिकीकरण, असा पुस्तकाचा क्रम युरोपच्या घड्याळावर चालतो. ते घड्याळ तुम्ही फोडू शकत नाही. पण मधूनमधून थांबून "याच वेळी बाकी जगात काय चाललं होतं?" एवढं विचारता येतं. एक वर्ष घ्यायचं आणि कलिंगडाची चकती कापावी तसं सगळं जग आडवं कापायचं.

माझी आवडती चकती इ.स. १२०७. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, त्या वर्षीचा शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला आणि त्याला दान मिळालं, त्याची ही नोंद. (मुक्ताईनगरकडचे योगी चांगदेव ते वेगळे. हा खुलासा दरवर्षी करावा लागतो.) म्हणजे आपल्या जिल्ह्यात गणित शिकवायची संस्था चालू होती.

आता चकती फिरवा. पाचच वर्षांपूर्वी, १२०२ मध्ये, पिसाच्या फिबोनाचीने युरोपला भारतीय अंक समजावणारा ग्रंथ लिहिला होता. ते अंक तो शिकला होता आजच्या अल्जीरियातल्या बंदरात. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती फौजांनी कॉन्स्टॅन्टिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटलं. १२०६ मध्ये मंगोल टोळ्यांनी तेमुजीनला चंगीझ खान केलं. कंबोडियात सातवा जयवर्मन बायोनचे हसरे चेहरे घडवत होता. दक्षिण चीनमध्ये सुंग राजवटीत बाजारात कागदी चलन फिरत होतं. इथिओपियात लालिबेलाची, अखंड खडकात कोरलेली चर्च याच काळातली. वेरूळ पाहिलेल्या मुलांना ती पटकन कळतात. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात ग्रेट झिंबाब्वेच्या बिनचुन्याच्या दगडी भिंती उभ्या राहत होत्या. आणि न्यूझीलंडवर माणसाचं पाऊल पडायला अजून काही दशकं होती.

या चकतीला एक तास पुरतो. मुलांना गट करून प्रत्येकाला एक ठिकाण द्या, एक मिनिट बोलायला लावा. वर्षाला तीन चकत्या पुष्कळ झाल्या. १६०१ ही दुसरी चांगली: अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचं खानदेशचं राज्य संपलं, त्याच्या आदल्या वर्षी जपानमध्ये सेकिगाहाराची लढाई झाली होती आणि ३१ डिसेंबरला लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली होती. त्या क्षणी या तिघांत सगळ्यात किरकोळ प्रकरण कुठलं होतं, हे मुलांना विचारा.

४. तास वाढवू नका, अदलाबदल करा

नव्या शिक्षकाची हमखास चूक ही की त्याला "जादा" शिकवायचं असतं. जादा कधीच होत नाही. दिवाळीनंतर स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामं, तोंडी परीक्षा, आणि तुमची आफ्रिका पुन्हा फेब्रुवारीत.

म्हणून आहे त्याच धड्याच्या पोटात दुसरा प्रदेश बसवा. माझ्या त्या अकरा तासांचं पुढे काय झालं ते सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीला आता मी सात तास देतो, आणि त्यातले दोन हैतीला. १७८९ च्या जाहीरनाम्यात माणसाचे हक्क आले. मग फ्रान्सच्या सॅं-दोमिंग (आजचं हैती) या साखरेच्या वसाहतीतले लाखो गुलाम माणसं होते की नव्हते? १७९१ मध्ये त्यांनीच उठाव करून तो प्रश्न विचारला. १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली, फौज पाठवली, उठावाचा पुढारी तूसॅं लूव्हेर्तूरला पकडून नेलं, तरीही हरला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झालं. १८२५ मध्ये त्याच फ्रान्सने, मान्यता देण्याची किंमत म्हणून, हैतीकडून १५ कोटी फ्रॅंकची भरपाई मागितली. म्हणजे गुलामांनी आपल्याच सुटकेचे पैसे मालकांना भरायचे. इथे वर्ग पेटतो, आणि फ्रेंच राज्यक्रांतीही जास्त नीट कळते. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांची परीक्षा पॅरिसमध्ये जेवढी झाली त्याहून कडक कॅरिबियनमध्ये झाली, असं माझं मत आहे.

अशा जोड्या आणखी लावता येतात. औद्योगिक क्रांतीच्या पोटात कापूस आणि गुलामगिरी, राष्ट्रवादाच्या पोटात इटली-जर्मनीसोबत मेजी जपान (१८६८), शीतयुद्धाच्या पोटात ग्वाटेमाला आणि कॉंगो. बी.ए.ला किंवा यूपीएससीच्या मुलांना शिकवत असाल तरी हेच. त्या अभ्यासक्रमात जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून आहे, त्यामुळे "जहाज लागण्याआधी" दाखवायला जागा कमी मिळते. प्रत्येक प्रदेशाची ओळख करून देताना पहिली दहा मिनिटं १७०० च्या आधीची ठेवा, तेवढं पुरतं.

५. धागा दारातून काढा

खानदेशातल्या मुलाला जग दूर वाटतं. पण त्याच्या ताटात ते आधीच बसलेलं आहे.

भरिताच्या पार्टीचं ताट घ्या. वांगं आपलं. कळण्याच्या भाकरीतला उडीद आपला, पण ज्वारी आफ्रिकेची, सुदानच्या पूर्व भागातली. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची. दोन्ही चारेक हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आल्या. भरितातली हिरवी मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांसोबत आलेली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. एकादशीचं ताट तर जवळजवळ सगळंच तिकडचं: बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, आणि मेक्सिकोकडचा राजगिराही. एकटी भगर आपली. एका आजींना नातवाने हे घरी जाऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग आतापर्यंतचे उपास मोडले का रे माझे?" तो उत्तर विचारायला माझ्याकडे आला. मी अजून शोधतो आहे.

रताळ्यावर थोडं थांबा. कोलंबसाच्या आधीच ते दक्षिण अमेरिकेतून पॉलिनेशियात पोहोचलं होतं. होकायंत्र नसलेले, तारे आणि लाटा वाचणारे पॉलिनेशियन दर्यावर्दी हवाई, रापा नुई (ईस्टर बेट), न्यूझीलंड असा अफाट त्रिकोण वसवत गेले. पुस्तकात "शोधांचं युग" पोर्तुगालपासून सुरू होतं. त्याच्या आधी या लोकांना एक पाऊण तास देऊन बघा.

मात्र ताटाशी थांबू नका. नाहीतर इतिहासाचा खाद्यमहोत्सव होतो, मुलं पदार्थ लक्षात ठेवतात आणि माणसं विसरतात. बटाटा कुणी पिकवला, अँडीजच्या उतारांवर पायऱ्या कुणी बांधल्या, आणि १५४५ नंतर पोतोसीच्या चांदीच्या खाणीत त्याच लोकांना सक्तीने कोण राबवत होतं, इथपर्यंत गेलं पाहिजे. पोतोसीची चांदी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात आली, सुरतेला उतरली, आणि मोगलांच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. आपल्या बऱ्हाणपूरलाही टांकसाळ होती. पोतोसी आजच्या बोलिव्हियात आहे. आता मला ते नकाशावर डोळे मिटून सापडतं.

माणसाचा धागा हवा असेल तर इब्न बतुता. मोरोक्कोतल्या टँजियरचा हा प्रवासी १३४२ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असताना दौलताबादहून खंबायतकडे जाताना आपल्या नंदुरबारवरून गेला. लहानसं गाव, मराठे राहतात, कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी चांगले, अशी नोंद त्याने केली आहे. दहा वर्षांनी, १३५२ मध्ये, तोच माणूस सहारा ओलांडून मालीला गेला. तिथल्या सुलतानाने भेट पाठवली म्हणून तो मोठ्या आशेने उठला, तर तीन भाकऱ्या, थोडं मांस आणि भोपळ्यात दही. त्याने ते लिहून ठेवलं, आणि त्याच मालीतला न्याय आणि वाटेवरची सुरक्षितता यांची तोंडभर स्तुतीही केली. त्याच्या पाठीमागून गेलं की मन्सा मुसाची १३२४ ची हजयात्रा, त्याने कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला ही हकिकत, टिंबक्टूची हस्तलिखितं, सगळं एका तासात येतं. नंदुरबारची पोरं त्या दिवशी जरा ताठ बसतात.

६. कापसाचा तास

हा माझा सगळ्यात घोटलेला तास आहे, म्हणून सविस्तर सांगतो. दोन लागोपाठचे तास मिळाले तर घ्या.

फळ्यावर फक्त लिहा: एप्रिल १८६१. अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडातल्या लॅंकेशायरच्या गिरण्यांना तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथूनच जात होता. तो थांबला. वर्गाचे चार गट करा.

पहिला गट मिसिसिपीचा. तिथे कापूस वेचणारे गुलाम. १८६० च्या मोजणीनुसार अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलामगिरीत होती. दुसरा गट लॅंकेशायरचा. गिरण्या बंद, घरात उपासमार, तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी लिंकनला पत्र लिहून गुलामगिरीविरोधात पाठिंबा कळवला. तिसरा गट इजिप्तचा. नाईलकाठचा शेतकरी धान्य सोडून कापूस पेरतो, तिथला राज्यकर्ता खेदिव इस्माईल कापसाच्या भावाच्या भरवशावर कर्ज काढतो. चौथा गट आपला. खानदेशात भाव चढतात, त्याच दशकात भुसावळपर्यंत रेल्वे येते, गाठी मुंबईला जातात, मुंबईत शेअरांचं वेड लागतं.

प्रत्येक गटाला एकच प्रश्न: तुमच्या दारात काय बदललं? दहा मिनिटं बोलू द्या. मग फळ्यावर दुसरी तारीख लिहा: १८६५. यादवी संपली. भाव कोसळले. आता पुन्हा तोच प्रश्न. मुंबईत पेढ्या बुडतात. इजिप्त १८७६ मध्ये दिवाळखोर होतो आणि १८८२ मध्ये तिथे इंग्रज फौज उतरते. मिसिसिपीतला माणूस मुक्त होतो, पण जमिनीविना, अर्धलीने राबायला. आपल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर चढत्या भावात काढलेलं कर्ज राहतं.

यानंतर मी गप्प बसतो. ज्यांच्या घरी यंदाही कापूस भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला आहे, त्या मुलांना मला काही समजावून सांगावं लागत नाही. एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे मिसिसिपीतली लढाई आमच्या पणजोबांच्या सावकाराला माहीत होती." याहून चांगलं वाक्य माझ्या कुठल्याही नोट्समध्ये नाही.

रावेर-यावल पट्ट्यात असाल तर असाच तास केळीवर घ्या, शीतयुद्धाच्या वेळी. केळीची लागवड न्यू गिनीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची, तिथून ती हिंदी महासागरातून आफ्रिकेत गेली, आणि युगांडात आजही ती रोजचं जेवण आहे. मग थेट १९५२ चा ग्वाटेमाला. राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झने पडीक जमीन भूमिहीनांना वाटायचा कायदा केला. युनायटेड फ्रुट या अमेरिकन कंपनीची पडीक जमीन घेताना मोबदला ठरवला तो कंपनीने करासाठी स्वतःच दाखवलेल्या किमतीवर: सुमारे सव्वासहा लाख डॉलर. कंपनी आणि अमेरिकन सरकार मागत होतं दीड कोटीच्या वर. कागदावरची किंमत आणि बाजारभाव यांतला फरक आमच्याकडच्या मुलांना भूसंपादनामुळे पाठच असतो, त्यामुळे हसू फुटतं. जून १९५४ मध्ये सीआयएच्या मदतीने आर्बेन्झला घालवलं. पुढे १९६० ते १९९६ यादवी चालली आणि मेलेल्यांत बहुसंख्य माया आदिवासी होते. शीतयुद्ध "शीत" कुणासाठी होतं, हे मग विचारा.

७. महायुद्धं, थोडक्यात

"दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं?" पुस्तकाचं उत्तर १ सप्टेंबर १९३९. चिनी माणूस ७ जुलै १९३७ म्हणेल (जपानशी युद्ध), इथिओपियन ऑक्टोबर १९३५ (इटलीचं आक्रमण). तिन्ही फळ्यावर लिहा. मग फैजपूर काढा: डिसेंबर १९३६ चं, खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन. केळीच्या पट्ट्यातल्या त्या मांडवात अध्यक्ष नेहरू स्पेन आणि ॲबिसिनियाबद्दल (म्हणजे इथिओपियाबद्दल) बोलत होते. श्रोत्यांत मानवेंद्रनाथ रॉय होते, ज्यांनी १९१९ मध्ये मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्ष उभारायला हात लावला होता. एका गावात बसून किती जग दिसतं, याला याहून सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही.

८. जिथे मी घसरलो

दारातला धागा गोड लागतो आणि मग हात सुटत नाही. एका वर्षी मी सगळंच खानदेशला बांधायला लागलो. इंका साम्राज्याचा आपल्याशी काही संबंध नव्हता, म्हणून ते राहूनच गेलं. संबंध नसलेल्या लोकांचाही इतिहास असतो. आता मी मुद्दाम दोन प्रदेश असे निवडतो ज्यांचा आपल्याशी काडीचा संबंध नाही. गाठी मारून हिशोब ठेवणारी इंकांची किपू दोरी मुलं स्वतः करून बघतात, ती पुरे.

दुसरी घसरण "आपला तो बाब्या" ही. युरोपला मधून उठवायचं आणि तिथे भारताला बसवायचं, सगळे शोध आपलेच म्हणायचे. टाळ्या मिळतात. भास्कराचार्य मोठे होतेच. त्यांच्यासोबत बगदादचा गणिती अल-ख्वारिज्मी आणि शून्य स्वतंत्रपणे वापरणारे माया लोकही सांगा, म्हणजे त्यांची उंची कमी होत नाही.

तिसरी: युरोप म्हणजे इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी असं धरणं. १७९५ ते १९१८ पोलंड नकाशावर नव्हतंच. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या रोगात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली, आणि त्याच काळात तिथून धान्य निर्यात होत होतं. छप्पन्याच्या दुष्काळाच्या गोष्टी घरी ऐकलेल्या मुलाला आयर्लंड परकं वाटत नाही.

आणि आफ्रिकेचा धडा फक्त गुलामगिरी, वाटणी, दुष्काळ असा शिकवू नका. आदिवासी वस्तीतल्या वर्गात हे जास्तच जपा. तळोदा-अक्कलकुव्याकडच्या मुलांना "मागासलेल्या टोळ्या" हा शब्दप्रयोग कुणाकडे बोट दाखवतो ते बरोबर कळतं. भिल्ल पुढारी खाज्या नाईकाचा उठाव आणि न्यूझीलंडमधल्या माओरींची युद्धं एकाच पिढीतली आहेत. ती शेजारी ठेवा, आणि मुलांना बोलू द्या.

९. परीक्षेचं काय?

पालक हे विचारतील, प्राचार्यही विचारतील. माझ्याकडेही एकदा तक्रार गेली होती की सर पुस्तक सोडून भाकरी शिकवतात. म्हणून पुस्तकातला प्रत्येक स्वाध्याय करून घ्या आणि तो आधी करून घ्या. हैती फ्रेंच राज्यक्रांतीच्या उत्तरात दोन ओळींत बसतं, अडवा वसाहतवादाच्या उत्तरात. सविस्तर उत्तरात असं एखादं नेमकं उदाहरण आलेलं तपासनीसाला खटकत नाही. घटक चाचणी तुमच्या हातात असते. तिथे एक प्रश्न कर्ता बदलण्याचा ठेवा: "आफ्रिकेची वाटणी झाली, हे वाक्य आफ्रिकन माणसाच्या बाजूने पुन्हा लिहा."

वाचायला मराठी विश्वकोश आहे, जालावर फुकट. अनेक देशांच्या नोंदी जुन्या आहेत, पण पाया चांगला आहे. युनेस्कोने तयार केलेला आफ्रिकेचा अनेक खंडी इतिहासही जालावर मोफत मिळतो. सगळा वाचू नका, मालीचं एक प्रकरण वाचा. धुळ्याला गेलात तर राजवाडे संशोधन मंडळात मुलांना एकदा न्या, अस्सल कागद कसा दिसतो ते बघू द्या. नावांचे उच्चार आदल्या रात्री मोठ्याने म्हणून ठेवा. अडखळलात की वर्ग हसतो, आणि हसण्याचा धनी तुम्ही होत नाही, तो देश होतो.

एप्रिलमध्ये तोच हजेरीपट पुन्हा काढा. या वेळी पुस्तकाची नव्हे, तुम्ही खरोखर घेतलेल्या तासांची हजेरी मांडा. माझ्या गेल्या वर्षीच्या पटात मध्य आशियापुढे सगळे गैरहजेरीचे शेरे आहेत. जूनमध्ये समरकंदपासून सुरुवात करायची आहे. उलुगबेगची वेधशाळा, सुमारे १४२०. चकती अजून कापायची आहे.